धुळ्याहून आलेला ‘येस’

“अरे, तू मेलास तरी चालेल! पण तुझा सर्व्हर मरायला नको! ऐकतोस ना, भटू? सलाईनची बाटली खांद्यावर टाक, दुकानात जा आणि बटन दाब!”

नाना माझा मोबाइल तोंडासमोर पापडासारखा आडवा धरून व्हॉईस मेसेज ठोकत होते. आवाज असा, की भुसावळला सिग्नल हिरवा असतानाही गाडी थांबावी.

आधीच सांगून टाकतो. मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. चौकात कुणी उतारा टाकला असेल तर त्यातला नारळ घरी आणून चटणी करतो, आणि ती शेजाऱ्यांनाही देतो. त्यामुळे भुताखेताच्या गोष्टी घेऊन लोक माझ्याकडे येत नाहीत. आज मीच एक घेऊन आलोय, काय करणार...

नाना म्हणजे आमच्या परीक्षा केंद्राचे मालक. दुसऱ्या मजल्यावर, तापलेल्या पत्र्याखाली मशिनींचा हॉल. तिथं नोकरभरतीच्या ऑनलाइन परीक्षा होतात. त्या दुपारी तपासणीला साहेब येणार होते. सगळ्या मशिनी अपडेट दिसल्या नाहीत तर केंद्र रद्द. केंद्र रद्द म्हणजे नाना रस्त्यावर — आणि त्यांच्या आधी मी.

आता हे अपडेट येतात मिररवरून. मिरर म्हणजे मूळ सर्व्हरची हुबेहूब नक्कल, जगभर जागोजागी ठेवलेली. ज्याला जी जवळ, त्यानं तिथून घ्यावं. आमचा जवळचा मिरर धुळ्याला, भटूच्या दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत. भटू मूळचा शिंदखेड्याकडचा. जुन्या मशिनी जोडून त्यानं तो स्वतः उभा केला होता, आणि खानदेशातले आम्ही सगळे त्याच्यावर जगत होतो. पण भटूला डेंग्यू झाला. दवाखान्यात जाताना तो दुकानाचा मेन स्विच पाडून गेला.

मग आम्ही जर्मनीचा मिरर लावला. काय सांगू तुम्हाला! फैजपूरहून केळीचा ट्रक निघावा, दिल्लीला माल उतरावा, ड्रायव्हरनं तिथंच लग्न करावं आणि पोरासकट परत यावं — तरी आमच्या स्क्रीनवरचा पट्टा निम्माच भरलेला!

एका मशीनवर मी धुळ्याला पिंग चालू ठेवला होता. पिंग म्हणजे हाक. आपण हाक मारायची, पलीकडच्या मशीननं ओ द्यायची. मधे किती वेळ गेला तो आकडा पडद्यावर दिसतो. जर्मनीची ओ यायची दोनशे मिलिसेकंदांनी. धुळ्याची तीसनं, कारण धुळ्याला मारलेली हाकसुद्धा मुंबईचा वळसा घालून जाते. त्या दिवशी मात्र धुळं गप्प.

“लिही त्याला,” नाना म्हणाले. “चालू करतोस, का दुसरा माणूस बघू?”

मी लिहिलं. आणि उत्तर आलं. इंग्रजीतली तीन अक्षरं: yes.

“बघ!” नानांनी मांडीवर थाप मारली. “इंग्रजी सुचतंय लेकाला! कसला डेंग्यू? नाटकं नुसती!”

मीही हसलो. तेवढ्यात धुळ्यानं ओ दिली. तीस.

मी मशिनी पटापट धुळ्याच्या मिररवर वळवल्या. पट्टे सरकू लागले. आणि मग तो आकडा उतरायला लागला. पंचवीस... वीस. आता वायर काही बसल्या जागी आखूड होत नाही! मी आपला धुळे-जळगाव रस्त्यावरची गावं मोजत गमतीनं म्हणालो, “नाना, तुमचा सर्व्हर पारोळ्याला पोचला बघा.”

“येऊ दे, येऊ दे!”

“एरंडोल सोडलं, नाना.”

“चहा पाजू त्याला!”

पाच. पाळधी आली असेल. दोन... आणि मग एकच्या आत. तिथंच थांबला.

एकच्या आत म्हणजे काय, हे नानांना कळलं नाही. मला कळलं. एकच्या आत ओ देते ती त्याच खोलीतली मशीन. भर दुपारी, मे महिन्यात, पत्र्याखाली... आणि माझ्या मानेवरचा घाम गार पडला. हॉलभर स्पिरिटचा वास सुटला होता, दवाखान्यात येतो तसा. पट्टे धडाधड भरत होते. कोपऱ्यातल्या दोन जुन्या मशिनी तेवढ्या अडल्या होत्या.

मी बाहेर येऊन भटूच्या मोठ्या बहिणीला फोन लावला.

“अक्का, भटूला सांगा, काम झालं. आता त्याला झोपू द्या.”

 अक्का म्हणाल्या, “कोनले सांगू, भाऊ? भटू सकायलेच गया.”

“मग... दुकानात कोण आहे?”

“कोनी नही. बठ्ठा आठेच शेतस. दुकानले कुलूप शे, चावी मन्हाजोडे शे. त्याना मोबाइल बी मन्हा पिशवीमा शे. कालदिनपासून बंद.”

म्हणजे सगळे तिथंच, आणि चावी-मोबाइल अक्कांजवळ. मी चॅट उघडली. नानांच्या त्या व्हॉईस मेसेजसमोर एकच टिक. पोचलेलाच नव्हता. माझ्या मेसेजसमोरही एकच. आणि खाली उत्तर: yes.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भटूनं उभ्या जन्मात ‘हो’ला yes लिहिलं नव्हतं. तो ‘हाव’ म्हणायचा आणि hav असंच टाइप करायचा. आम्ही इंग्रजी वाचलं होतं. तो अहिराणीत बोलला होता. मी येस, म्हणजे मी येतो.

पुढं ते दुकान उघडलं तेव्हा मी हजर होतो. मेन स्विच पाडलेला, मशीनच्या पंख्याला कोळ्याचं जाळं. नेटवर्कमधल्या दोन जाणत्यांना विचारलं. एक म्हणाला रूटिंगचा, म्हणजे हाकेच्या वाटेचा घोळ, दुसऱ्यानं विचारलं कितवा पेग होता.  तुमच्याकडे उत्तर असेल तर कळवा, फक्त फोनवर नका सांगू...

त्या दुपारी मी हॉलमध्ये परत गेलो तेव्हा आकडा अजून एकच्या आतच होता.

“नाना,” मी म्हणालो, “भटू वारला. सकाळीच.”

नाना पडद्यांवरचे भरलेले पट्टे मोजू लागले.

“आणि नाना... तो इथं आलाय. या खोलीत.”

नानांनी हॉलभर नजर फिरवली. ती कोपऱ्यात अडलेल्या मशिनींवर थांबली.

“आलाच आहे,” नाना म्हणाले, “तर त्या दोन पण करून जा म्हणावं.”