सरकारचं पथ्य

नेत्रावती अक्का माझी थोरली बहीण. बिदरच्या नौबादमध्ये राहते, बायकांचे कपडे शिवते, आणि एकदा मनावर घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नवरा जाऊन सात वर्षं झाली. घरात ती आणि तिची ऐंशीची सासू गुरुबाई. आम्ही लिंगायत; दोघी रोज गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. त्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही.

अशा घरात मासा आला. माडीवर भाड्यानं राहणाऱ्या राजपालची यादगीरला बदली झाली. तिकडे घर मिळेपर्यंत त्यानं आपला ऑस्कर मासा काचेच्या टाकीसकट अक्काच्या पडवीत ठेवला. वीतभर लांब, काळा-केशरी, माणूस दिसलं की काचेला तोंड लावून मागणारा. गुरुबाईंनी त्याचं नावच सरकार ठेवलं. राजपालनं खाद्याचा डबा दिला होता, पण त्यात मासळीचं पीठ आहे हे कळताच अक्कानं तो माडीवर नेऊन ठेवला.

मग सरकारचा दासोह सुरू झाला, म्हणजे अन्नदान. आमच्यात दारात कुणी उपाशी राहिलेलं चालत नाही. गुरुबाई चपातीचा तुकडा घालायच्या, माप द्यायला आलेल्या बायका चुरमुरे टाकायच्या. मी बुंदी टाकली, खोटं कशाला सांगू! तो सगळं गट्टम करायचा.

दीड महिन्यात त्याचं पोट फुगलं, रंग उतरला, डोक्यावर बारीक खड्डे पडले. अक्कानं राजपालला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"अक्का, चपाती कामून घातलाव? त्याला सोसत न्हाई ती. डब्यातल्या गोळ्या रोजच्या. मधून मधून उकडलेला वाटाणा, साल काढून. कवा तरी गांडूळ न्हाईतर झिंगा. आठवड्याला एक उपास. पाणी बी बदलत जावा, न्हाईतर जगत न्हाई त्यो."

अक्कानं हे सगळं ब्लाउजच्या मापांच्या वहीत वारांप्रमाणे लिहून काढलं. मला रागच आला. म्हटलं, देऊन टाक एखाद्या दुकानात, कशाला हा सोस?

"भरवशानं ठेवून गेलाय, शैला. आन् बिघडवला मीच."

माडीवरून डबा खाली आला. गुरुबाई दारातच उभ्या राहिल्या. "ज्या हातावर लिंग घेतीस, त्या हातानं मासळी घालायलीस व्हय?"

"लिंग माझ्या गळ्यात हाय, आत्या. त्याच्या न्हाई."

"मग तुझ्या हातचं मला नगं."

म्हातारी तेव्हापासून चुरमुरे आणि दुधावर राहिली. इकडे सरकारचाही रुसवा. चपातीची चटक लागलेली. गोळी तोंडात घ्यायचा आणि थू करून टाकायचा. अक्का उरलेल्या गोळ्या गाळणीनं काढायची, दोन घागरी पाणी बदलायची, पुन्हा संध्याकाळी दोन गोळ्या. टाकीवर तिनं मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी लावली, काही टाकू नये. गिऱ्हाईक बायका नाराज झाल्या. रोज दोन वेळा ती सासूपुढे ताट नेऊन ठेवायची आणि तसंच उचलायची. चौथ्या दिवशी ताट उचलताना रडली. पण चपातीचा कण काही तिनं टाकीत पडू दिला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. अक्कानं दोन गोळ्या टाकल्या. सरकारनं एक घेतली, थुंकली, पुन्हा घेतली आणि गिळली. मग दुसरी. अक्का टाकीपुढेच खाली बसली.

गुरुबाई भिंत धरत धरत पडवीत आल्या. टाकीत वाकून बघितलं.

"गिळलं का त्यानं?"

"गिळलं, आत्या."

"थुकलं न्हाई?"

"न्हाई."

म्हातारी तिच्याशेजारी खाली बसली. "मग ऊठ. हात धू, आन् मला वाढ."