ताम होईचा फोटो

ताम होई माझ्या शेजारच्या झोपडीत अठरा वर्षं राहिला. न्यूझीलंडच्या त्या ओढ्यातलं सोनं गोरे लोक कधीच उपसून गेले होते. त्यांनी टाकलेली वाळू आम्ही चिनी पुन्हा धूत होतो. त्यातून तांदूळ आणि खारवलेल्या माशाचा खर्च सुटायचा, बस्स.

एकदा मॅक्रे नावाचा फोटोवाला आला. त्याला 'सोनं सापडलेला चिनी' हवा होता. त्यानं होईला खानावळवाल्याचा कोट चढवला, हातात सोनेरी रंग दिलेला शिशाचा गोळा दिला आणि मोबदल्यात फोटोची एक प्रत दिली. मी म्हटलं, फाडून टाक.

"बारा वर्षांत आईनं माझं तोंड पाहिलेलं नाही," होई म्हणाला. "एकदा तरी धड कपड्यांत पाहू दे."

त्याला लिहिता येत नव्हतं, फोटोबरोबरचं पत्र मीच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. खरंही नव्हतं.

दीड वर्षानं त्याचा धाकटा भाऊ कुन दारात उभा राहिला. फोटो गावभर फिरला होता. आईनं लिचीची बाग विकून त्याला जहाजात बसवलं होतं.

"दादा, घर कुठंय?"

"हेच."

"आणि सोनं?"

होईनं सगळं सांगितलं. "बाग तरी राहिली असती," कुन एवढंच म्हणाला.

परत जायला तोंड नव्हतं, म्हणून तो राहिला. दोघं एका चुलीवर जेवत, पण कामापुरतंच बोलत. दुसऱ्या हिवाळ्यात दरड कुनच्या अंगावर आली. त्याला बाहेर काढायला आम्हाला दोन दिवस लागले.

या वेळी होईनं खरं तेच लिहायला सांगितलं, शिशाच्या गोळ्यासकट. पाच महिन्यांनी घरून उत्तर आलं: 'धाकट्याला मारून त्याचा वाटा गिळलास. फोटो आमच्याकडे आहे.' त्यानंतर आम्ही तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही.

आमच्यात परमुलखात मेलेल्याची हाडं गावी पाठवतात. कुनची गेली. होई खोकल्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा मी विचारलं, तुझीही पाठवू ना?

"नको," तो म्हणाला. "बंदरावर उतरवून घ्यायला कोण येणार आहे?"

त्याला मी ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरलं.