भजन मंडळाने ऐकलेला जॅझ

माझी मुलगी बँडमध्ये वाजवते असं आमच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये, कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणाच्या वरातीत?" मी आता समजावणं सोडून दिलं आहे. तिच्या विद्यापीठात जॅझचा बँड आहे, ती त्यात सॅक्सोफोन वाजवते, अमेरिकेतल्या जुन्या-जुन्या चाली असतात, एवढं मलाही तिनंच शिकवलं. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेकाची बारी येते. बारीचं काही लिहिलेलं नसतं, मनातलं वाजवायचं. आपल्याकडे भजनात बुवा एखादी ओळ आळवत बसतात ना, तसंच.

मागच्या कार्यक्रमात तिची बारी आली अन् पोट्टी नुसती उभी राहिली. मागे ड्रम चालू, बाकीचे चालू, हिची फुंकरच निघेना. घरी येऊन धड जेवली नाही. या वेळी निघताना म्हणाली, "मम्मी, आज भी वैसा हुआ ना, तर मी बँड सोडून देईन. सॅक्सोफोन परत करून टाकीन." या मुलीनं आजवर कशाला जीव लावला असेल, तर तो त्या पितळी भोंग्याला.

बापाला तिनं वेगळं बजावलं होतं, "बाबा, तुमी या, पण तुमची मंडळी नका आणू." प्लांटमधून रिटायर झाल्यापासून आमचे हे भजन मंडळाचे पुढारी. "नाही आणत बाप्पा," म्हणाले. अन् हॉलमध्ये पाहते तर काय, तिसऱ्या रांगेत अख्खं मंडळ, धुतलेल्या सदऱ्यात!

"अहो, हे काय जी?"

"आपल्या पोरीचं वाजवणं आहे. त्यांले कावून नाही सांगू मी?"

मी कपाळावर हात मारला.

पहिल्या दोन-तीन चाली छान झाल्या. पेटी कुठं दिसत नाही म्हणून मंडळातले एक काका जरा नाराज होते, बाकी सगळे नीट ऐकत होते. मग तिची बारी आली. माइकसमोर आली, चार सूर वाजवले अन् थांबली. मागे ड्रम चालूच. ती खाली मान घालून उभी. मी पदर मुठीत धरून बसले, देवा, फुंक गं माय, फुंक.

तेवढ्यात शेजारून टाळी सुरू झाली. आमचे हे! आमच्या मंडळाची रीतच आहे, गाणाऱ्याची ओळ तुटली तर त्याच्याकडे कुणी पाहायचं नाही, सगळ्यांनी टाळी धरून ठेवायची, तो ओळ परत धरेपर्यंत. पाठोपाठ सगळी रांग टाळ्या वाजवू लागली. सारा हॉल वळून पाहून राहिला होता.

"बंद करा ना जी!" मी कोपर मारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोरीनं मान वर केली. चेहरा रागानं लालबुंद. बापावर डोळे रोखूनच तिनं सॅक्सोफोन तोंडाला लावला. आधी भांडल्यासारखं वाजवलं, खरंच भांडल्यासारखं, अन् मग हळूहळू असं मऊ होत गेलं की मला रडू आवरेना. ही माझ्याच घरात वाढली अन् एवढं सगळं तिच्या आत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं बारी पूर्ण केली.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा मंडळ स्कूटर स्टँडजवळ घोळका करून उभं होतं. ती सरळ बापासमोर गेली. यांची नजर चपलेवर.

"काय वं, रागावली?"

"बाबा, जॅझमध्ये पहिल्या अन् तिसऱ्या ठोक्यावर टाळी नसते. दुसऱ्या अन् चौथ्यावर असते. सगळा बँड गडबडून राहिला होता."

"असं काय? मले नाही ना माहीत."

ती मंडळाकडे वळली अन् बापाला म्हणाली, "पुढच्या वेळी यांले शिकवूनच आणा."