सरांच्या परिचयातलं एक वाक्य

"‘तुरुंग’ हा शब्द नको, मॅडम," देवरे म्हणाले. "‘आत्मशोधाची वर्षं’ म्हणा."

गंगापूर रोडवरचा हॉल भरत आला होता आणि मी विंगेत उभी राहून परिचयाचा कागद वाचत होते. मी निवेदिका आहे. लग्नातलं संगीत, शाळेचं गॅदरिंग, कंपनीचा ॲन्युअल डे, जिथे माइक धरून दोन कार्यक्रमांमधली जागा भरायची असते तिथे मला बोलावतात. देवरे व्यापाऱ्यांच्या एका क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे माझे क्लायंट. त्या दिवशीचे मोटिव्हेशनल स्पीकर होते श्रीरंग सर. विषय ‘पडा, उठा, उडा’.

सर कसे पडले, हे नाशकात बऱ्याच जणांना माहीत होतं. एका फुटकळ कंपनीचे शेअर त्यांनी स्वस्तात घेऊन ठेवले. मग ‘आतली खबर’ म्हणून तेच शेअर घ्यायला लोकांना सांगितलं. लोक तुटून पडले, भाव चढला. सरांनी आपले शेअर त्यांच्याच गळ्यात मारले आणि भाव कोसळला. बाजारात याला ‘पम्प अँड डम्प’ म्हणतात. कोर्टाने फसवणूक म्हटलं. सर आत गेले, शिक्षा भोगून बाहेर आले, आणि आले ते कॉलर माइक लावूनच.

परिचय कोणीही लिहून देतं, पण तो माझ्या तोंडून जातो. ‘आत्मशोधाची वर्षं’ म्हणायला माझी जीभ वळेना. मी सरळ ग्रीन रूममध्ये गेले, देवरे मागोमाग आले. सर पांढऱ्या कुर्त्यात डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, परिचयात शिक्षेचा उल्लेखच नाही, हे बरं दिसत नाही.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय म्हणाल?"

"जे झालं ते."

"म्हणा."

देवरेंचा चेहरा उतरला. पहिल्या रांगेत स्पॉन्सर बसले होते.

मी स्टेजवर जाऊन म्हणाले, "शेअर बाजारातल्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने यांना दोषी ठरवलं. यांनी तुरुंगवास भोगला आहे."

हा क्लब आता आपल्याला पुन्हा बोलावत नाही, असं मी मनाशी धरलं. तेवढ्यात मागून टाळ्या सुरू झाल्या आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या मी दहावीत पहिल्या आलेल्या मुलांनाही कधी मिळवून देऊ शकले नव्हते.

सर हात जोडून आले. कोठडीच्या भिंतींनी त्यांना फोकस शिकवला म्हणे. आत मोबाइल नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःलाच कॉल केला. लोक लिहून घेत होते.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. साठी ओलांडलेल्या एका बाईंनी हात वर केला. मी खाली जाऊन त्यांना माइक दिला. त्या पिंपळगाव बसवंतहून आलेल्या निवृत्त शिक्षिका होत्या. आवाज जराही न चढवता त्यांनी सांगितलं, की सरांच्या खबरीवरून त्यांनीही ते शेअर घेतले होते, निवृत्तीचं सगळं त्यात गेलं आणि आता त्या मुलीकडे राहतात.

सर स्टेजच्या कडेपर्यंत आले. डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्यातल्या प्रत्येकाचा चेहरा मला रोज आठवतो," ते म्हणाले.

"मग माझं नाव सांगा."

अडकलेला वक्ता मला लांबूनही कळतो. सर अडकले होते. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "आई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साउंडवाल्याने बाईंचा माइक बंद करून बासरी लावली. देवरे डोळे पुसत होते. कोणीतरी बाईंच्या खांद्यावर क्लबची शाल टाकली. त्या काहीतरी बोलत होत्या, ते मलाही ऐकू येईना. मी कान जवळ नेला.

"विमल शेवाळे," त्या म्हणत होत्या.

मी स्टेजवर जाऊन माझ्या माइकवरून सांगितलं, "यांचं नाव विमल शेवाळे. सरांना आठवलं नाही, म्हणून सांगते." चार-दोन माना वळल्या. सेल्फीची रांग लागली होती, त्यामुळे सरांची काही वळली नाही. शेवाळेबाईंनी शालीची घडी करून ती खुर्चीवर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

नंतर सरांचा मॅनेजर मला शोधत आला. भांडायला आला असेल असं वाटलं, पण तो खूश होता. सुरुवातीचं वाक्य जबरदस्त होतं, पुढच्या सगळ्या शोला तेच ठेवू, तुम्हीच या, म्हणाला. फक्त प्रश्नोत्तरं काढून टाकायची होती.

मी नाही म्हटलं. वाक्य मात्र त्यांनी ठेवलं. आता दुसरी एक मुलगी ते म्हणते. माझ्यापेक्षा चांगलं म्हणते, ‘तुरुंगवास’च्या आधी नेमकी थांबते.

मी धंद्यापुरतं एवढंच शिकले: वक्त्याबद्दल खरं सांगितलं तर त्याचं काही बिघडत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा माइक चालू राहील, एवढं मात्र साउंडवाल्याला आधी बजावून ठेवावं.