नाव घेऊन म्हणायची पदं

फोनवर मल्लूचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखं "बोल की रे बाबा" म्हणूनच उचलला. पलीकडे त्याची आई होती. "प्रज्ञा, मल्लू गेला गं..." डेंग्यूनं दवाखान्यात होता, पण आदल्या दिवशी तर चहा मागून प्यायला होता. मला काही सुचायच्या आत काकू म्हणाल्या, "आणि भजनी मंडळाचे अप्पा येत न्हाईत म्हणतेत. भजनाबिगर न्यायचं का माझ्या पोराला?"

मल्लिनाथ आणि मी विद्यापीठात संगीताच्या एकाच वर्गात होतो. शेवटच्या वर्षाला तासाभराचा कार्यक्रम बसवून परीक्षकांपुढे सादर करावा लागतो. बाकीच्यांनी राग घेतले, नाट्यगीतं घेतली. या पठ्ठ्यानं मयताची भजनं घेतली! त्यांच्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला भिंतीशी टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि मातीला नेईपर्यंत समोर भजनी मंडळ गातं. त्यातली काही पदं गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायची, दर कडव्यात त्याला हाक मारायची. एरवी ती घरात कुणी गुणगुणतसुद्धा नाही. "असल्या चाली कुठल्या मैफलीत ऐकल्यास का? ही म्हातारी माणसं गेली की संपलं सगळं," असं म्हणून मल्लू माझं डोकं खायचा. मी बौद्ध घरातली, मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तरी पेटीवर त्यानं मलाच बसवलं.

भवानी पेठेतल्या मंडळाचे म्होरके चन्नप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "मयत न्हाय तर म्हणायचं कुणापुढं? नाव कुणाचं घ्यायचं?" मल्लू म्हणाला, "माझं घ्या. मी बसतो." अप्पांनी त्याला अशा शिव्या घातल्या की मी पेटी उचलून निघालेच होते. पण हा रोज जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायचा. शेवटी पोराच्या पास-नापासाचा सवाल आहे म्हणून म्हातारे तयार झाले.

पडदा उघडला तेव्हा मल्लू पांढऱ्या धोतरात, गळ्यात हार, डोळे मिटून बसलेला. प्रेक्षकांत कुणीतरी "अगं बाई!" करून ओरडलं. लाइटच्या झोतात मंडळातली म्हातारी माणसं घाबरली आणि लय पळायला लागली. तेवढ्यात धोतराखालून मयताच्या पायाचा अंगठा ठेका धरू लागला... मला हसू आवरेना. अप्पांनी डोळे वटारले, पण लय सावरली. मग पहिल्यांदा "मल्लिनाथा" अशी हाक आली आणि माझं हसू तिथंच थांबलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसते मान हलवत राहिले. आणि हा शहाणा कपाळावरच्या विभूतीसकट कँटीनमध्ये येऊन म्हणतो, "मयताला लई भूक लागलीय, भजी सांग की."

तो गेला आणि अख्खी पेठ बोलायला लागली, जित्या माणसाचं नाव घेतलं, दुसरं काय होणार! मला अजून संताप येतो. गल्लीत साचलेलं पाणी कुणाला दिसलं नाही, डास दिसले नाहीत, आमचा तो तासाभराचा कार्यक्रम तेवढा दिसला.

त्या दुपारी मी अप्पांकडे गेले. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. "आमीच हाका मारून धाडला गं त्याला."

"डेंग्यूनं गेला तो, अप्पा."

"तुला न्हाय कळायचं, पोरी."

माझ्या रागाचा तिथं काही उपयोग नव्हता. इतक्यात दारात काकू उभ्या राहिल्या. मयत घरात ठेवून आई कधी बाहेर पडते का? त्या अनवाणी आल्या होत्या. "तवा नुसता बसला, तर तुमी म्हटलं. आता खरंच बसवलाय, तर म्हणत न्हाय व्हय?" मग त्या कानडीवर आल्या, "हाड्री, अप्पा... हाड्री." गा, गा, एवढंच म्हणत राहिल्या. अप्पा उठले आणि त्यांनी टाळ घेतले.

पण मल्लूपुढं बसल्यावर नाव येईल तिथं अप्पा अडायचे. मी पेटीवर तो सूर धरून ठेवायचे, टाळ थांबायचे... दुसऱ्या कडव्याला बायकांमधून काकूंनीच नाव घेतलं. त्यांच्याकडं बायका त्या भजनात गात नाहीत, असं नंतर कुणीतरी बोललं म्हणे. त्या वेळी मात्र कुणाची टाप नव्हती. पुढच्या प्रत्येक कडव्यात त्यांनीच त्याला हाक मारली.

परवा भवानी पेठेत गेले होते. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि तेच पद म्हणत होत्या, सावकाश, अगदी सुरात. शेजारीण दारातूनच कळवळून म्हणाली, "वैनी, घरात नगा की म्हणू ते."

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्यात मल्लूचं नाव येतंय की," त्या म्हणाल्या. "न्हायतर आता त्याला हाक मारायला मला दुसरं काय काम पडतंय?"