स्वतःच्या हातानं स्वतःला शाल

मंडळी, आज दौंडच्या पेन्शनर मेळाव्याला जे आले न्हाईत त्यांचा फुकटचा तमाशा हुकला.

ऐंशी पार केलेल्यांचा अध्यक्षांच्या हस्ते सत्कार होता. अध्यक्ष म्हंजी आपल्या खात्याचे जुने साहेब. शेवटचं नाव पुकारलं तर साहेबांचंच! गडी उठला, शाल उचलली आन् स्वतःच्याच खांद्यावर टाकली. हॉलभर टाळ्या.

मला नवल वाटलं न्हाई. सत्तरच्या दशकात मी शिरूरच्या ऑफिसात ड्रायव्हर होतो. सरकारी जीप मेव्हण्याच्या लग्नाला नेऊ नका, एवढंच या साहेबांना बोललो. माझ्यावर उर्मटपणाचा आरोप आला. तक्रार साहेबांची आन् चौकशी अधिकारीही साहेबच. चौकशीत मधेच खुर्चीवरून उठून समोरच्या स्टुलावर बसले, माझ्याविरुद्ध साक्ष दिली, परत खुर्चीत गेले आन् "साक्षीदार विश्वासार्ह आहे" असं लिहून मला नोकरीवरून काढलं.

अपील वरच्या साहेबानं फेटाळलं. मग पुण्याच्या कोर्टात दावा लावला. जज्ज म्हणाले, "तक्रार करणाराच निकाल कसा देतो?" आन् माझी बडतर्फी रद्द केली. मी परत जीपवर आलो.

आज साहेबांनी विचारलं, "काय रे, ओळखलंस का?"

म्हटलं, "व्हय की. आज स्टूल न्हाई आणलं?"

आज टाळ्या वाजवणाऱ्यांतले काहीजण तवा त्या चौकशीच्या खोलीत गप्प बसले होते. तवा नोकरीची भीती होती, समजू शकतो. आता तर सगळ्यांची पेन्शन चालू हाय. मग आज कुणाला भ्यालात?