पंधराशे वर्षांपूर्वीची धार

आम्ही अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मला गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. गेममध्ये दिसणाऱ्या वस्तू कॉम्प्युटरवर घडवायच्या: पेले, दिवे, चपला, शस्त्रं. नवा गेम रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातला होता आणि माझ्या वाट्याला एका सैनिकाच्या कमरेची कट्यार आली.

दोन आठवडे खपून मी ती केली. पानासारखं रुंद पातं, मधोमध उंच शीर, म्यानावर चांदीची नक्षी. इतिहास तपासायला कंपनीने एक निवृत्त प्राध्यापक नेमले होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले, "पण ही कट्यार तुमच्या सैनिकाच्या खापरपणजोबांच्याही आधीची. त्याच्या काळात ती वापरातून गेली होती."

"मग त्याच्या कमरेला काय असायचं?"

"बहुधा साधा एकधारी सुरा. मात्र तो नीट पाहिलेली माणसं फार थोडी आहेत."

मग मी शोधायला लागले. उत्खननांचे जुने जर्मन अहवाल मशीनकडून भाषांतर करून वाचले. तलवारींवर पानंच्या पानं आणि सुऱ्यांवर एखादी ओळ: 'लोखंडी सुरा, गंजलेला.' सोबत बोटभर आकाराचं एखादं रेखाचित्र. शेवटी कळलं की आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एका विद्यापीठाच्या संग्रहालयात ऱ्हाइन नदीकाठच्या कबरींमधून आलेले असे तीन सुरे कपाटात पडून आहेत. मी ईमेल केला. तिथल्या संग्रहपाल बाईंचं उत्तर आलं, गुरुवारी सकाळी या.

तेव्हा सासरे आमच्याकडे आले होते. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं टूल्सना धार लावली होती. इथे त्यांचा दिवस जाता जात नसे. कार चालवता येत नाही, चालत जावं तर जाणार कुठे. मी सहज विचारलं, "बाबा, येता का? जुने सुरे बघायचेत." ते लगेच शर्ट बदलून आले.

बाई साठीच्या होत्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला निळे हातमोजे दिले आणि एक करडा खोका उघडला. आत फोममध्ये कोरलेल्या खाचेत वीतभर लांबीचं तपकिरी काहीतरी होतं. खरं सांगते, पहिल्यांदा माझी निराशाच झाली. वाळलेल्या शेंगेसारखं दिसत होतं ते.

बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. "मुठीच्या जागी बघा."

मी वाकले. गंजामध्ये बारीक, समांतर रेषा होत्या. लाकडाच्या असतात तशा.

"लाकूड केव्हाच कुजून गेलं," त्या म्हणाल्या. "पण जाता जाता लोखंडाचा गंज त्याच्या तंतूंमध्ये शिरला आणि तसाच घट्ट झाला. आता लाकूड नाही, त्याचा आकार तेवढा उरलाय."

मी भिंग डोळ्यांपासून काढू शकले नाही. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तोडलेल्या फांदीच्या रेषा माझ्यापासून चार बोटांवर होत्या.

मग त्यांनी सुऱ्याचा एक्स-रे प्रकाशाच्या पेटीवर ठेवला. गंजाच्या आतलं खरं पातं पहिल्यांदाच दिसलं. इतका वेळ मागे उभे असलेले बाबा पुढे आले. खिशातला चष्मा काढून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे दोन वेगळे तुकडे आहेत," ते मला म्हणाले. "विचार त्यांना. पाठीकडच्या लोखंडात गाळताना राहिलेल्या मळीच्या रेषा आहेत, धारेकडची पट्टी स्वच्छ आहे. मधे ही जोडाची रेघ."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली. पाठ मऊ लोखंडाची आणि धारेपुरतं पोलाद, भट्टीत तापवून ठोकून जोडलेलं.

"आम्ही हेच करायचो," बाबा म्हणाले. "टूलचा दांडा, म्हणजे शँक, साधा; टोकाला कठीण कार्बाइडचा तुकडा पितळेने ब्रेझ करून जोडलेला. महागाचा माल लागेल तेवढाच." त्यांनी बोट काचेच्या वर धरलं, न टेकवता. "आता ही पट्टी बघ. मुठीजवळ रुंद आहे, मधे केवढीशी उरलीय. एवढी आपोआप झिजत नाही. दगडावर घासून घासून गेलीय. वर्षानुवर्षं. कापायचं, घासायचं, परत कापायचं."

"लढाईसाठी नव्हता?" मी विचारलं.

"असेलही. पण रोज काम करायचा हा. आणि माणूस हलक्या हाताचा होता. पोलाद संपलं की सुरा गेला, हे त्याला ठाऊक होतं. गरजेपुरतंच घासलंय त्याने."

मी भाषांतर करून सांगितलं. बाईंनी नोंदीचं कार्ड काढलं आणि बाबांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, माहिती देणाऱ्याचा व्यवसाय काय लिहू? बाबा म्हणाले, "टूल ग्राइंडर लिहा. रिटायर्ड नका लिहू."

परत येताना घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "चांगला कारागीर होता गं."

त्यांनी सुरा घडवणाऱ्याला म्हटलं की वापरणाऱ्याला, ते मी विचारलं नाही.

मी कट्यार काढून टाकली आणि सुरा केला. लाकडी मूठ, चामड्याचं साधं म्यान, मधे झिजलेलं पातं. आमच्या आर्ट डायरेक्टरला तो स्वयंपाकघरातला वाटला. मी त्याला एक्स-रेचा फोटो दाखवला आणि बाबा जे बोलले ते सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मग म्यानातून बाहेर काढ तो. लोकांना दिसू दे." गेममध्ये आता तो सैनिक त्या सुऱ्याने पाव कापतो. जेमतेम सहा सेकंद.

बाबा पुण्याला परतल्यावर महिन्याभराने संग्रहालयातून ईमेल आला. उरलेल्या दोन सुऱ्यांचेही एक्स-रे काढले होते, बाबांना ते पाठवता येतील का, असं बाईंनी विचारलं होतं. मी फोटो पुढे पाठवले. उत्तरादाखल अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, मागे मिक्सरचा आवाज, मधेच सासूबाईंचं "अहो, चहा." मी ऑफिसमध्ये कानाला हेडफोन लावून तो उतरवून घेत बसले. दुसरा सुरा एकदा टोकाला मोडला होता, बाबा सांगत होते, आणि कुणीतरी तो टाकून न देता नवं टोक काढलं होतं.